भारताच्या आंतरराष्ट्रीय कायद्याविषयीच्या भूमिकेची मुळे किती मागे जातात?

खानापूर, अध्यापिका (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. आमच्या वाचनालयात दर महिन्याला एक मराठी व्याख्यान होते आणि या वेळची पाळी माझ्याकडे आली आहे. विषय मीच निवडला आहे, भारत आणि आंतरराष्ट्रीय कायदा. श्रोते म्हणजे निवृत्त शिक्षक, शेतकरी, काही वकील आणि माझेच विद्यार्थी असतील.

माझी अडचण अशी आहे की पाठ्यपुस्तकांत हा विषय राज्यघटनेच्या कलम ५१ पासून आणि २९ एप्रिल १९५४ च्या पंचशील करारापासून सुरू होतो, आणि जणू त्याआधी या देशाला तह, करार, सरहद्द, वकिलात हे शब्दच ठाऊक नव्हते अशी समजूत विद्यार्थ्यांची होते. कलम ५१ मध्ये आंतरराष्ट्रीय कायदा आणि करारांतील बंधने यांविषयी आदर वाढवावा, तंटे लवादाने मिटवावेत, असे सांगितले आहे. मात्र हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करताना भारताने १९७४ च्या निवेदनात राष्ट्रकुलातील देशांशी असलेले तंटे आणि सरहद्दीचे व भूप्रदेशाचे तंटे वगळून ठेवले होते. भारताने पाकिस्तानचे विमान पाडल्याबद्दल पाकिस्तानने दावा लावला, तेव्हा २१ जून २००० रोजी न्यायालयाने याच राष्ट्रकुलाच्या अपवादावरून आपल्याला अधिकार नाही असे ठरवले. पुढे २०१७ मध्ये कुलभूषण जाधव प्रकरणात भारत स्वतःहून त्याच न्यायालयाच्या दारात गेला आणि १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी त्याच्या बाजूने निकाल लागला.

या वागण्याला केवळ सोय म्हणावे, की त्यामागे काही जुना अनुभव आहे? आपल्या भागातील माणसाला समजेल अशा रीतीने हे कोठून सुरू करावे, याविषयी मार्गदर्शन हवे आहे.

शहापूर, निवृत्त शिक्षक

ताई, सुरुवात आपल्याच गावापासून करता येईल. आज बेळगाव आणि शहापूर यांच्यात फरक करणे नव्या माणसाला जमणार नाही, पण १९४८ पूर्वी बेळगाव ब्रिटिश मुलखात होते आणि शहापूर सांगली संस्थानात. रायबाग कोल्हापूरकडे होते. आमच्या वडिलांच्या पिढीला घरातून बाजारात जाताना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेल्याची सवय होती.

आता पाहा, सांगलीचे पटवर्धन हे पेशव्यांचे सरंजामदार. पेशवाई बुडाल्यावर कंपनीने १८१९ मध्ये त्यांच्याशी स्वतंत्र करार केला आणि ते संस्थानिक झाले. कित्तूरच्या देसायांचे मात्र उलट झाले. १८२४ मध्ये देसाई वारल्यावर कंपनीने दत्तक नाकारला, राणी चन्नम्मांनी लढाई दिली, धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्यात मारला गेला आणि शेवटी कित्तूर खालसा झाले. कोण राज्यकर्ता आणि कोण नुसता जमीनदार, हे कागदावरून ठरत नव्हते, कंपनी ठरवीत होती. एका जिल्ह्यातील ही दोन उदाहरणे श्रोत्यांना लगेच पटतील.

पुढे हीच गोष्ट इंग्रजांनी उघडपणे लिहून ठेवली. मणिपूरच्या प्रकरणानंतर २१ ऑगस्ट १८९१ च्या राजपत्रात हिंदुस्थान सरकारने जाहीर केले की राणी सरकार आणि तिच्या अधिराज्याखालील संस्थाने यांच्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वे लागू होत नाहीत. ज्यांच्याशी तह केले, ते तह करण्याच्या पंक्तीतच बसत नाहीत, असा त्याचा अर्थ. माझ्या मते भारतीय राज्यसंस्थेने आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी शिकलेला पहिला धडा हा आहे की हा कायदा कोणाला लागू, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हातात, त्याचे पारडे आधीच जड असते.

त्याच काळात दुसरा धडाही मिळाला. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या तहावर भारताच्या वतीने सह्या झाल्या. एक सही इंग्लंडचे भारतमंत्री माँटेग्यू यांची आणि दुसरी बिकानेरचे महाराज गंगासिंह यांची. देश परतंत्र, तरी राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य. या विचित्र स्थितीमुळे आपल्या अधिकाऱ्यांना आंतरराष्ट्रीय परिषदांचे कामकाज स्वातंत्र्याच्या २५ हून अधिक वर्षे आधीपासून जवळून पाहता आले.

स्वतंत्र भारताने पहिला धडा टाकून दिला नाही, हेही प्रांजळपणे सांगावे. २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली, तेव्हा हैदराबाद हे मुळात स्वतंत्र राष्ट्रच नाही, ही भारताची भूमिका होती. घटनेच्या कलम ३६३ नेही संस्थानांशी झालेल्या करारांवरून उद्भवणारे तंटे न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. देश एकसंध राहण्यासाठी ते आवश्यक होते असे मी मानतो, पण त्याची भाषा ब्रिटिशांच्या अधिराज्याच्या भाषेतून आली आहे.

निपाणी, वकील

गुरुजींनी पाया घातला आहे, त्यावर मी एका खटल्याविषयी लिहितो, कारण मराठी माणसाच्या सभेत या विषयावर बोलायचे आणि तो खटला सांगायचा नाही, असे होऊ नये. पोर्तुगाल विरुद्ध भारत, भारतीय प्रदेशातून जाण्या-येण्याच्या हक्काचा दावा, १९५५ ते १९६०.

जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी दादरा आणि नगर-हवेली मुक्त केली. हे प्रदेश चहूबाजूंनी भारताने वेढलेले होते. दमणहून तेथे सैन्य व अधिकारी पाठवायला भारताने वाट दिली नाही. पोर्तुगालला १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले, पाच दिवसांनी त्याने न्यायालयाचे अधिकारक्षेत्र स्वीकारले आणि आणखी तीन दिवसांनी, २२ डिसेंबरला, भारतावर दावा लावला. भारताचे जे निवेदन तेव्हा लागू होते ते १९४० मधले, म्हणजे ब्रिटिश अमदानीतले होते. परक्या सरकारने आपल्या नावाने दिलेल्या संमतीवर स्वतंत्र भारताला आरोपीच्या जागी उभे राहावे लागले. जानेवारी १९५६ मध्ये भारताने ते निवेदन रद्द करून अपवादांसह नवे दिले. ताई, तुम्ही ज्या अपवादांविषयी विचारता, त्यांचा बराचसा खुलासा या काही आठवड्यांत आहे.

आता मूळ मुद्दा. पोर्तुगालचे म्हणणे असे की १७७९ च्या पुण्याच्या तहाने आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी पेशव्यांनी ही गावे त्याला सार्वभौम हक्काने दिली. तहातील अट दमणजवळची वार्षिक बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देण्याची होती. भारताचे एक म्हणणे असे की तो तह वैधपणे झालेलाच नाही. दुसरे म्हणणे असे की झाला असला तरी त्याने फक्त महसूल मिळाला, राज्य नव्हे.

न्यायालयाने पहिले म्हणणे मानले नाही. अठराव्या शतकातील तहाची वैधता नंतर रूढ झालेल्या पद्धतींच्या मापाने ठरवता येत नाही, आणि स्वतः मराठे हा तह बंधनकारक मानत होते, असे त्याने सांगितले. दुसरे म्हणणे मात्र मान्य झाले. मराठ्यांना जेव्हा सार्वभौमत्व द्यायचे असे, तेव्हा ते तसे स्पष्ट, कायमस्वरूपी दान दर्शवणारे शब्द वापरत, असे त्यांच्या इतर तहांवरून दिसते. इथे मात्र सनदांत आणि पुढच्या कागदांत 'जहागीर', 'सरंजाम' हे शब्द आहेत. म्हणून १७८५ मध्ये पोर्तुगालला मिळाला तो महसुलाचा हक्क.

या निकालाकडे मी अभिमानाने पाहतो, आणि त्याचे कारण भारत जिंकला एवढेच नाही. १८९१ मध्ये ज्यांना आंतरराष्ट्रीय कायदा लागू नाही असे म्हटले गेले, त्याच भूमीवरील राज्याचा तह जगाच्या न्यायालयाने तह म्हणूनच वाचला आणि त्यातील मराठी शब्दांना त्यांच्या स्वतःच्या अर्थाने तोलले. आपल्या वकिलांनी तो तहच नाकारावा आणि न्यायालयाने पुणे दरबाराचा शब्द राखावा, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

पुढचा भाग शेतकऱ्यांना सांगायला सोपा आहे. १८१८ नंतर इंग्रजांनी त्या गावांवरील पोर्तुगीज सत्ता प्रत्यक्षात चालू दिली आणि सव्वाशे वर्षे खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांची ये-जा सुरू राहिली. न्यायालयाने त्याला दोन राष्ट्रांमधील स्थानिक रूढी म्हटले. आपण त्याला वहिवाट म्हणतो. माझ्याकडे पाणंदीचे जे दावे येतात, त्यांत हाच प्रश्न असतो. माणूस आणि बैलगाडी वर्षानुवर्षे हक्काने जात असेल तर वहिवाट होते, पण दर सुगीला विचारून, शेजाऱ्याच्या परवानगीने ट्रॅक्टर नेला असेल, तर त्यातून हक्क जन्माला येत नाही. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा परवानगीनेच नेला जात होता, म्हणून त्याचा हक्क नाही, असे १२ एप्रिल १९६० च्या निकालात ठरले. जी ये-जा हक्काची होती तीही भारताच्या नियंत्रणाखालीच होती, आणि १९५४ च्या तणावात भारताने ती थांबवली यात कर्तव्यभंग झाला नाही, असेही ठरले.

या खटल्यात भारतातर्फे न्यायाधीश म्हणून मोहम्मद करीम छागला बसले होते आणि बाजू मांडणाऱ्यांत मोतीलाल सेटलवाड होते.

खानापूर, अध्यापिका

वकीलसाहेब, पाणंदीचे उदाहरण मी घेणारच. आमच्या सासऱ्यांच्या शेतात जाण्याची वाट दोन पिढ्या अशीच भांडणात आहे, त्यामुळे 'परवानगीने' आणि 'हक्काने' यांतला फरक आमच्या घरात लहान मुलांनाही कळतो. एक शंका आहे. सरंजाम म्हणजे राज्य नव्हे, हे हेगला इतके निर्णायक का वाटले असेल? सनदेत तसे स्पष्ट लिहिलेले असते काय?

वडगाव, मोडी वाचक

ताई, गेली काही वर्षे मी लोकांच्या घरचे मोडी कागद वाचून देतो, त्या अनुभवावरून लिहितो. सनदेत कधीही 'हे राज्य नव्हे' असे लिहिलेले नसते. जे लिहिलेले नसते त्यावरूनच अर्थ लागतो.

इनामाच्या सनदेत एक ठराविक साखळी येते. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसहित, खेरीज हक्कदार व इनामदार करून, पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने. प्रत्येक शब्दाने एकेक हक्क मोजून हातात दिलेला असतो. पाणी दिले, झाडे दिली, गवत, लाकूड, दगड दिला, जमिनीत सापडलेले धन दिले, मुलानातवंडांपर्यंत दिले. आणि एवढे देऊनही राज्य सरकारचेच राहते. सरंजामात तर वंशपरंपरेचा शब्दही सहसा नसतो. सरंजाम शब्दाचा मूळ अर्थच साहित्य, तजवीज असा आहे. आपल्या आज्या पूजेचा सरंजाम, लग्नाचा सरंजाम म्हणतात तो हाच शब्द. फौज बाळगण्याच्या खर्चाची तजवीज म्हणून गावाचा वसूल लावून दिला, तो सरंजाम. चाकरी संपली किंवा सरदार वारला की सरकार तो पुन्हा आपल्याकडे घेऊ शकत असे, किंवा नजराणा घेऊन मुलाच्या नावे पुढे चालवत असे.

मागच्या वर्षी याच भागातील एका घरी लाल फडक्यात बांधलेला असा एक कागद पाहिला. शिक्का झिजला होता, घडीवर कागद फाटला होता, पण रकमेचा आकडा आणि गावांची नावे स्वच्छ होती. त्या कुटुंबाची समजूत होती की आपण त्या गावांचे मालक होतो. १९५२ साली मुंबई सरकारने सरंजाम खालसा केले तेव्हा अन्याय झाला, असे त्यांच्या घरात अजून बोलले जाते. कागद वाचल्यावर दिसले की मालकी कधीच दिलेली नव्हती, दिला होता तो वसूल. नगर-हवेलीच्या सनदेबाबत पोर्तुगालचीही हीच समजूत झाली असावी, असे मला वाटते. पुण्याच्या फडातील, म्हणजे पेशव्यांच्या कचेरीतील, कारकुनाला कोणता शब्द घातला की काय हातातून जाते, हे पक्के ठाऊक होते.

म्हणून मला असे म्हणायचे आहे की कराराचा शब्द तोलून मापून घालणे, जे द्यायचे नाही त्याचा उच्चारही न करणे, ही आपल्या परराष्ट्र खात्याची जी सावध सवय दिसते, तिला येथे फार जुनी परंपरा आहे.

चिकोडी, विद्यार्थी (सध्या धारवाड)

मोठ्यांची क्षमा मागून थोडी वेगळी बाजू मांडतो. पेशव्यांच्या फडापासून आजच्या परराष्ट्र खात्यापर्यंत सरळ रेषा ओढणे मला कठीण वाटते. १८१८ नंतर ती परंपरा तुटली आणि दिल्लीच्या अधिकाऱ्यांनी जे शिकले ते लंडन आणि जिनिव्हाकडून. भारताच्या भूमिकेचे खरे मूळ वसाहतवादविरोधी लढ्यात आहे, आणि ती भूमिका केवळ सावध नव्हती, तिने कायदा पुढेही नेला.

१९४६ चे उदाहरण घ्या. स्वातंत्र्य मिळायचे होते, तरी दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारताने संयुक्त राष्ट्रांत नेला. विजयालक्ष्मी पंडित यांनी शिष्टमंडळाचे नेतृत्व केले. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स यांचे म्हणणे होते की हा आमचा अंतर्गत मामला आहे. भारताने दोन सरकारांमधील आधीच्या करारांकडे आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील मानवी हक्कांकडे बोट दाखवले, आणि ८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने ठराव केला की ही वागणूक त्या करारांतील बंधनांशी आणि सनदेशी सुसंगत असावी. एखाद्या राष्ट्राने आपल्या प्रजेशी कसे वागावे हा जगाचा विषय होऊ शकतो, हे ठसवणाऱ्या पहिल्या पावलांपैकी हे एक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियोच्या खटल्यात न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी १९४८ मध्ये दिलेले भिन्नमतही याच मनोवृत्तीचे आहे. विजेत्यांनी मागाहून केलेला कायदा पराभूतांना लावता येतो काय, हा त्यांचा प्रश्न होता.

आणि गोवा. तो तर आपल्या दाराशीच घडला. डिसेंबर १९६१ मध्ये १७ व्या पायदळ डिव्हिजनची जमवाजमव बेळगावात झाली. माझी आजी तेव्हा लोंढ्याला होती. रात्रभर लष्कराच्या गाड्यांचे आवाज येत आणि सकाळी स्टेशनवर चहा उरत नसे, असे ती सांगत असे. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी मांडले की भारत आणि गोवा यांच्यात कायदेशीर सरहद्दच असू शकत नाही, कारण १५१० पासूनचा हा कब्जा बळाने घेतलेला आहे. १४ डिसेंबर १९६० च्या वसाहतमुक्तीच्या ठरावाचा आधार त्यांनी घेतला. युद्धबंदी आणि माघारीचा ठराव ७ विरुद्ध ४ मतांनी पुढे आला आणि सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने पडला. बळाचा वापर करू नये या सनदेतील नियमाशी हे बसत नाही, अशी टीका तेव्हा झाली आणि आजही होते. ती टीका हलकी नाही. पण ज्यांच्या जमिनीवरील कब्जाला जुना कायदा हक्क म्हणत होता, त्यांनी तो कायदा जसाच्या तसा का मानावा, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने, तेथील हुकूमशाही कोसळल्यावर.

शहापूर, निवृत्त शिक्षक

बाळ, तुझा मुद्दा योग्य आहे आणि क्षमा मागण्याचे कारण नाही. परंपरा तुटली हे मान्य करतो. पण कागद तुटले नाहीत, आणि १९५५ मध्ये सरकारला पुण्याच्या दप्तराकडेच वळावे लागले.

निपाणी, वकील

ताईंच्या मूळ प्रश्नाचा एक भाग राहिला आहे, तो असा की ही सगळी केवळ सोय आहे काय. मला तसे वाटत नाही, कारण एकदा लवाद मान्य केल्यावर निकाल विरुद्ध गेला तरी भारताने तो पाळला आहे. कच्छच्या रणाच्या लवादाने १९ फेब्रुवारी १९६८ रोजी वादग्रस्त प्रदेशापैकी सुमारे एक दशांश पाकिस्तानला दिला. देशात मोठा विरोध झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९६९ मध्ये न्यायालयाने म्हटले की हा सरहद्द निश्चित करण्याचा भाग आहे, त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. बंगालच्या उपसागरातील वादात ७ जुलै २०१४ च्या निवाड्याने वादग्रस्त समुद्राचा मोठा वाटा बांगलादेशाला गेला. तोही भारताने मान्य केला. भारत टाळतो ते कोणीतरी अवचित दावा लावून ओढून नेणे. स्वतः अटी ठरवून, स्वतः संमती देऊन मिळालेला निवाडा तो टाळत नाही. १९५५ चा डिसेंबर लक्षात ठेवला की हा फरक समजतो.

सभेत एक प्रश्न हमखास येईल, म्हणून त्याचे उत्तर तयार ठेवा. आपला सीमाप्रश्न हेगला का नेत नाहीत, असे कोणीतरी विचारेलच. तेथे केवळ राष्ट्रेच पक्षकार होऊ शकतात. राज्यांच्या सीमा कलम ३ नुसार संसद बदलू शकते, आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये लावलेला दावा कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात आहे. परराष्ट्राला भारतीय भूमी द्यायची असेल तर मात्र घटनादुरुस्ती लागते, हे बेरुबारी प्रकरणात १९६० मध्ये ठरले. यापेक्षा अधिक खोलात त्या दिवशी जाऊ नका, नाही तर मूळ विषय बाजूला राहील.

खानापूर, अध्यापिका

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. व्याख्यानाचा क्रम आता मनात बसला आहे. पाणंदीपासून सुरुवात, मग शहापूर आणि कित्तूर, मग १८९१ चे राजपत्र, आणि मुख्य वेळ हेगच्या खटल्याला. गोव्याचा भाग चिकोडीच्या विद्यार्थ्याने स्वतः येऊन दहा मिनिटे सांगावा, अशी विनंती आहे. वडगावच्या सरांनी जमल्यास एखाद्या सरंजामाच्या सनदेची छायाप्रत आणावी, नावे झाकून चालेल. 'पुत्रपौत्रादि' हा शब्द एका कागदात आहे आणि दुसऱ्यात नाही, हे लोकांनी डोळ्यांनी पाहावे असे वाटते.

वडगाव, मोडी वाचक

दोन्ही आणतो, एक इनामाची आणि एक सरंजामाची. खाली बाळबोध लिप्यंतर लिहून देतो, म्हणजे मागच्या रांगेतही वाचता येईल.

निपाणी, वकील

ताई, मतांचे आकडे सांगताना तेवढी गल्लत होऊ देऊ नका. माणसे व मालाच्या वाटेचा हक्क ११ विरुद्ध ४, सैन्याला हक्क नाही हे ८ विरुद्ध ७, आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही हे ९ विरुद्ध ६. मधला आकडा सांगताना जरा थांबा. एका न्यायाधीशाचे मत तिकडे गेले असते, तर सशस्त्र माणसांच्या वाटेचाही हक्क मान्य झाला असता.